‘24 तासांत खत’ देणारं यंत्र सोसायटीने घ्यावं का? वजनकाटा आणि वीजमीटर लावून केलेलं परीक्षण

डेमो नेहमी छान होतो. सकाळी यंत्रात भाजीची देठं, सालं, उरलेला भात टाकतात. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं की तपकिरी, कोरडा, भाजल्यासारख्या वासाचा चुरा हाती येतो. माशा नाहीत, दुर्गंधी नाही, पाणी गळत नाही. कमिटीतले लोक चुरा चिमटीत धरून बघतात आणि कोटेशनवर चर्चा सुरू होते. दिवसाला 100 किलो ओला कचरा घेणाऱ्या अशा यंत्राची किंमत काही लाखांत असते. दीडशे ते दोनशे घरांच्या सोसायटीचा ओला कचरा साधारण तेवढाच निघतो.

निकाल आधीच सांगतो: कचरा तापवून वाळवणारी यंत्रं आम्ही सुचवत नाही, पाचपैकी दीड गुण. कचरा कापून, मिसळून पुढे क्रेटमध्ये मुरवायला देणाऱ्या यंत्रांना (सोसायट्यांत यांना ओडब्ल्यूसी म्हणतात) तीन. वीज न लागणाऱ्या, हवा खेळत्या मोठ्या पेट्यांना चार. जागा आणि गॅसचा वापर असेल तर बायोगॅसलाही चार. हे गुण कुठल्याही एका कंपनीला नाहीत, त्या-त्या जातीच्या यंत्राला आहेत, कारण दोष सुट्या भागांत नाही, मूळ कल्पनेतच आहे.

100 किलो कचऱ्यात असतं काय

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात साधारण तीन चतुर्थांश पाणी असतं. म्हणजे 100 किलोत 75 किलो पाणी आणि 25 किलो कोरडा भाग. या कोरड्या भागात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक म्हणजे ऊर्जा. वाळलेल्या अन्नात किलोमागे 17-18 मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास 5 युनिट. 25 किलोत ती सव्वाशे युनिट झाली. दुसरी गोष्ट म्हणजे पोषणद्रव्यं: साधारण 700 ग्रॅम नत्र, शंभरेक ग्रॅम स्फुरद, अडीचशे ते साडेतीनशे ग्रॅम पालाश आणि थोडंथोडं बाकीचं. 700 ग्रॅम नत्र म्हणजे दीड किलो युरियातलं नत्र.

निसर्गात या दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. सूर्यप्रकाशातली ऊर्जा पानात साठते, खाणाऱ्याकडे जाते, त्याला खाणाऱ्याकडे जाते आणि प्रत्येक पायरीवर तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. रेमंड लिंडेमनने 1942 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या एका लहान तळ्याचा असा जमाखर्च मांडला. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर ढोबळ दहावा भाग पोचतो, हा शाळेत शिकवला जाणारा आकडा त्याच कामाच्या आधारे रूढ झाला. गेलेली ऊर्जा परत येत नाही. नत्र, स्फुरद, पालाश मात्र उष्णता होऊन संपत नाहीत. ते मातीत उतरतात आणि पुन्हा मुळांवाटे वर येतात.

या दोन रस्त्यांचा फाटा कुजण्याच्या जागी आहे. जंगलात झाडांनी तयार केलेल्या पाल्याचा फार मोठा हिस्सा कुणा प्राण्याच्या पोटात न जाता थेट जमिनीवर पडतो. तिथे जिवाणू आणि बुरशी त्यातला कर्ब जाळून जगतात. ऊर्जा वापरून संपली की मागे राहतो तो पोषणद्रव्यांनी भरलेला, शांत झालेला काळा भाग. झाडाच्या मुळाला हवा असतो तो हाच. ज्यात अजून ऊर्जा शिल्लक आहे असा पदार्थ मुळाशी टाकला, तर तो खाण्यासाठी सूक्ष्मजीव तुटून पडतात, मातीतली हवा संपवतात, आम्लं सोडतात, आणि झाडाला त्याचा फटका बसतो. कुठलंही ‘खतयंत्र’ घेताना मग एकच प्रश्न विचारायचा: यात टाकलेल्या कचऱ्यातली ऊर्जा जाते कुठे?

तापवणारं यंत्र: ऊर्जा जागच्या जागी, बिल वेगळं

पातेल्यासारखी टाकी, मधे फिरणारा दांडा आणि त्यावर पाती, बाहेरून हीटर किंवा गरम तेलाचं आवरण, वर वाफ ओढणारा पंखा. टाकीतलं तापमान 70-80 अंशांच्या आसपास, काहींत त्याहून वर. 24 तासांत पाणी उडतं. 75 किलोपैकी 72 किलो पाणी गेलं की साधारण 28 किलो कोरडा चुरा उरतो.

एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला 0.7 युनिट लागतं. हा भौतिकशास्त्राचा किमान दर आहे आणि कुठल्याही ब्रँडला त्यात सवलत नाही. 72 किलोला 50 युनिट झाले. टाकीच्या भिंतींतून गळणारी उष्णता, मोटर, पंखा धरून प्रत्यक्षात 60 ते 75 धरा. युनिटला 10 रुपये पकडले तर महिन्याला 18,000 ते 22,500 रुपये. भारतीय ग्रिडमध्ये युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे 100 किलो कचऱ्यामागे चाळीस-पन्नास किलो. वाफेतली उष्णता परत वापरणारा उष्मा-पंप बसवलेली यंत्रं यापेक्षा कमी वीज घेतात, पण किंमत चढते आणि चुरा तोच येतो.

उष्मा-पंप नसलेल्या यंत्राच्या माहितीपत्रकात याच्या निम्मी वीज लिहिलेली असेल तर दोनच शक्यता. एक तर आकडा कमी पाण्याच्या कचऱ्यावर काढलेला आहे, नाहीतर पाणी पुरतं उडालेलंच नाही. डेमोच्या वेळी यंत्राच्या लाइनवर साधा सब-मीटर लावायला सांगा आणि शेजारी वजनकाटा ठेवा. टाकलेलं वजन, निघालेलं वजन, जळलेले युनिट, हे तीन आकडे पुरतात. ‘100 किलोचं 10 किलो होतं’ हा दावा तर काट्यावर टिकतच नाही. कोरडा भाग 25 किलो असताना 10 किलो उरायला 15 किलो एका दिवसात जळून जायला हवं. आकारमान दहाव्या भागावर येणं शक्य आहे, वजन नाही. विक्रेते बहुतेकदा आकारमान सांगतात आणि ऐकणारे वजन समजतात.

आता गंमत बघा. त्याच 25 किलोपैकी निम्मा भाग सूक्ष्मजीवांनी जाळला, तर 60 युनिटच्या आसपास उष्णता आपोआप निघते. खताचा ढीग आतून 60 अंशांवर जातो तो याच उष्णतेने, आणि त्याच उष्णतेने त्यातलं बरंचसं पाणी वाफ होऊन जातं. तापवणारं यंत्र हे फुकटचं इंधन तसंच ठेवून महावितरणकडून जवळपास तेवढीच ऊर्जा विकत घेतं. शेवटी हातात येतो तो चुरा सव्वाशे युनिट ऊर्जा पोटात घेऊनच बाहेर पडतो.

‘आमच्या खास जिवाणूंमुळे 24 तासांत कुजतं’ हेही ऐकायला मिळतं. ढिगात उष्णताप्रेमी जिवाणू जोमाने काम करतात ते 50 ते 65 अंशांवर. 70 च्या वर बहुतेक सगळे मंदावतात किंवा मरतात. आणि अगदी उत्तम परिस्थितीतही 100 किलोतला निम्मा कोरडा भाग जाळायला त्यांना आठवडे लागतात. रोज पुडीतून टाकायचं कल्चर या यंत्रात मुख्यतः दरमहा बिल वाढवण्याचं काम करतं.

लॅबचा रिपोर्ट चांगला का येतो

ही सगळ्यात फसवी जागा. विक्रेता मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रिपोर्ट दाखवतो: नत्र पावणेतीन टक्के. शहरी कंपोस्टला कायद्याने 0.8 टक्के नत्र पुरतं, आणि चांगल्या कंपोस्टमध्ये दीडच्या आसपास असतं. म्हणजे यंत्राचं खत दुप्पट भारी?

हिशेब करा. 700 ग्रॅम नत्र 25 किलो कोरड्या भागात म्हणजे 2.8 टक्के. हे तर मूळ कचऱ्यातलंच प्रमाण झालं. फक्त पाणी काढलं म्हणून ते आकड्यात दिसू लागलं. कर्ब-नत्र गुणोत्तराचंही तसंच. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी हे गुणोत्तर 20 पेक्षा कमी हवं. स्वयंपाकघरातल्या कच्च्या ओल्या कचऱ्याचं गुणोत्तर मुळातच 15 ते 20 असतं! म्हणजे कालची पोळी आणि दुधीची सालं वाळवून प्रयोगशाळेत पाठवली तरी या कसोटीत पास.

नापास होण्याची शक्यता दोन ओळींत असते, त्या आधी वाचा. सामू (पीएच) 6.5 ते 7.5 हवा, आणि वाळवलेल्या अन्नाचा बहुधा त्याहून बराच खाली, आंबट बाजूला असतो. विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप, 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या आत हवी. शिजवलेल्या अन्नातलं मीठ कुठेच उडून जात नाही, पाणी गेल्यावर ते उलट दाटतं. (मिठाचा हा प्रश्न साध्या कंपोस्टलाही सुटत नाही. लोणची, फरसाण, खारवलेले मासे जास्त येत असतील तर पालापाचोळा वाढवून प्रमाण पातळ करणं हाच उपाय.)

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट नोंदवायलाच हवी. आंबट कचरा भराभर वाळवताना नत्र फारसं उडत नाही. उघड्या ढिगात मिश्रण चुकलं तर पाव ते निम्मं नत्र अमोनिया होऊन जातं. पोषणद्रव्यं राखण्यात वाळवणी वाईट नाही, ती अडते ऊर्जेपाशी.

घरी करता येण्याजोग्या तीन कसोट्या

पहिली. मूठभर चुरा घ्या, हातात दाबल्यावर थेंब येऊ नये इतपत ओला करा, प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून तीन दिवस सावलीत ठेवा. पिशवी फुगली, आंबूस किंवा कुजका वास आला, पांढरी बुरशी चढली, तर ऊर्जा शिल्लक आहे. तयार खताला मातीचाच वास येतो.

दुसरी थर्मासची. मोठ्या तोंडाचा थर्मास ओलसर चुऱ्याने भरा, आत लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसा, झाकण सैल ठेवा आणि आठवडाभर रोज वाचा. आतलं तापमान खोलीपेक्षा 10 अंशांहून जास्त चढलं नाही तर माल मुरलेला. 20-30 अंश चढलं तर तो अजून कच्चा. परदेशांत कंपोस्टची पक्वता ठरवायला हीच पद्धत ठरावीक मापाच्या फ्लास्कमध्ये वापरतात. घरच्या थर्मासमध्ये आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण कच्चा माल लपत नाही.

तिसरी बियांची. एक भाग चुरा, दहा भाग पाणी, तासभर ढवळून गाळून घ्या. एका ताटलीत टिश्यूवर हे पाणी आणि दुसरीत साधं पाणी घालून प्रत्येकीत मेथीचे वीस दाणे ठेवा. तीन-चार दिवसांनी उगवलेले दाणे मोजा, मुळांची लांबी मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. साध्या पाण्याच्या तुलनेत 80 टक्क्यांवर आलं तर खत वापरायला हरकत नाही. वाळवलेल्या चुऱ्यात मुळं बहुधा आखूड, टोकाला तपकिरी पडलेली दिसतात.

डेमोच्या दिवशी विक्रेत्याकडून किलोभर चुरा मागून घ्या आणि या तिन्ही कसोट्या ऑर्डर देण्याआधी करा. नंतर करून उपयोग नाही.

बिघाड कुठे होतो

नारळाची शेंडी आणि आंब्याच्या कोयी हे पात्यांचे शत्रू. शेंडीचे धागे दांड्याला गुंडाळून बेअरिंगपर्यंत जातात. स्टीलचा चमचा गेला तर दांडा अडकतो आणि मोटर ट्रिप होते. म्हणून टाकीच्या तोंडाशी वर्गीकरणाचं टेबल आणि तिथे उभा राहणारा माणूस लागतोच. ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ म्हणजे माणूस लागत नाही, असं नव्हे. मैदा, भात आणि पोळ्या जास्त झाल्या की टाकीत लगदा होतो, तो हीटरच्या भिंतीला चिकटून करपतो, आणि करपलेल्या थरामुळे उष्णता आत जात नाही. वाफ ओढणाऱ्या पंख्याची जाळी तेलकट धुळीने भरते. ती आठवड्याला साफ केली नाही तर वास थेट जिन्यात. वाफ थंड करून पाणी करणारी यंत्रं असतील तर रोज सत्तर लिटर घाण वासाचं पाणी ड्रेनेजला जाणार, त्याची जोडणी आधी विचारा. थ्री-फेज लाइन, एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि हीटर बदलण्याचा खर्च कोटेशनमध्ये नसेल तर लिहून मागा.

ओडब्ल्यूसी: बरं, पण भुशाचं बघा

यात कचरा कापला जातो, लाकडाचा भुसा आणि कल्चर मिसळलं जातं. दहा-पंधरा मिनिटांत काम संपतं आणि माल क्रेटमध्ये जाऊन रॅकवर मुरतो. यंत्राचं काम इथे फक्त कापण्याचं आहे, कुजवणं सूक्ष्मजीवच करतात, म्हणून वीज थोडी लागते. कल्पना योग्य. अडचणी तपशिलात आहेत.

लाकडाच्या भुशाचं कर्ब-नत्र गुणोत्तर काहीशे असतं. तो पाणी शोषतो छान, पण त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाचा चिवट भाग, महिनोन्महिने कुजत नाही. 15 दिवसांनी क्रेटमधून काढलेल्या मालात अन्न संपलेलं असतं, भुसा तसाच असतो. असा माल कुंडीत गेला की उरलेला भुसा खाणारे सूक्ष्मजीव मातीतलं नत्र ओढून घेतात आणि गुलाबाची पानं पिवळी पडतात. सोसायटीच्या माळ्याने ‘मशीनचं खत नको’ म्हणण्यामागे बहुधा हेच असतं. प्लायवूडच्या दुकानातला भुसा तर घेऊच नका, त्यात डिंक आणि रसायनं असतात.

दुसरी अडचण क्रेटची. चाळीस-पन्नास लिटरच्या सुट्या क्रेटमध्ये उष्णता टिकत नाही, बाजूंनी निघून जाते. रोगजंतू आणि तणांच्या बिया मरायला 55 अंश सलग 3 दिवस लागतात, ते सुट्या क्रेटला क्वचित जमतं. क्रेट एकमेकांना चिकटवून, चारही बाजूंनी गोणपाट लावून ठेवले तर फरक पडतो. तिसरं, कचरा फार बारीक कापू नका. दोन ते पाच सेंटिमीटरचे तुकडे पुरेत. चटणी झाली की मधल्या पोकळ्या बुजतात आणि हवा संपते.

हवा खेळत्या पेट्या: आमची पसंती

जाळीच्या किंवा फटी असलेल्या, किमान एक घनमीटर आकाराच्या पेट्या. हा आकार महत्त्वाचा, कारण त्याहून लहान ढिगाला स्वतःची उष्णता धरून ठेवता येत नाही. घेताना तळाशी जाळीचा खोटा तळ आहे का, पाझर गोळा करायला नळ आहे का, समोरची बाजू पूर्ण उघडते का आणि वर पावसापासून छप्पर घालता येतं का, एवढं बघा. रंग, स्टिकर, सेन्सर यांना पैसे देऊ नका. 100 किलो रोजच्या कचऱ्याला आठ-नऊ पेट्या लागतात आणि फिरायला वाट धरून दोन गाड्यांच्या पार्किंगइतकी जागा. मुंबईत ही अट जड जाते, पुण्या-नाशिकच्या बऱ्याच सोसायट्यांना जमते.

मिश्रणाचा हिशेब असा. सूक्ष्मजीवाच्या शरीरात एका भाग नत्राला साधारण आठ भाग कर्ब असतो. जेवढा कर्ब तो अंगात घेतो त्याच्या दुप्पट श्वासात जाळतो. म्हणून त्याला एका नत्रामागे 24-25 भाग कर्ब लागतो. नुसत्या ओल्या कचऱ्यात तो 16-17 च असल्याने जास्तीचं नत्र अमोनिया होऊन उडतं, वास येतो तो त्याचाच. 100 किलो ओल्यात 30 किलो वाळलेली पानं घातली की गुणोत्तर 25 वर येतं आणि ओलावा 75 टक्क्यांवरून 60 वर उतरतो. एका मापात दोन्ही कामं. वजन करायला नको असेल तर ओल्याच्या एका बादलीला चुरलेल्या पानांच्या दीड ते दोन बादल्या.

वर्षाची बेरीज केली तर 11 टन पानं लागतात, तेवढी बहुतेक सोसायट्यांकडे नसतात. जानेवारी ते एप्रिलमधली पानगळ गोण्यांत भरून कोरडी ठेवा, झाडून जाळू देऊ नका. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा-फणसाची जाड पानं चुरूनच घाला. उरलेली तूट चाळणीवरचा जाडसर चोथा परत वापरून भागवा. त्यात सूक्ष्मजीव आधीच वसलेले असतात, त्यामुळे विकतचं विरजणही लागत नाही. ओला कचरा घरातूनच निथळून आला तर पानं आणखी कमी लागतात.

ढीग बरोबर लागला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आत 55 ते 65 अंश चढतात. हात घालवत नाही, उकरलं की वाफ येते आणि तुकड्यांवर राखेसारखा पांढरा थर दिसतो. ती बिघाडाची खूण नाही, ते अ‍ॅक्टिनोमायसीट्स आहेत, लाकूडसर भाग फोडणारे. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिली पलटी, मग आठवड्याला एक. दोन आठवड्यांत तापमान उतरतं. पुढचा महिनाभर माल मुरू द्या. एकूण 45 दिवस. 100 किलो कचरा आणि 30 किलो पानांतून शेवटी 40 किलोच्या आत-बाहेर ओलसर खत मिळतं.

बिघाड नाकाला कळतो. अमोनियाचा झणका आला तर पानं कमी पडली. सडक्या अंड्याचा वास आला तर हवा संपली, लगेच पलटा आणि जाड काड्या मिसळा. तापलंच नाही आणि वासही नाही, तर ढीग कोरडा पडला किंवा लहान आहे. करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तर त्या बहुधा सोल्जर फ्लायच्या असतात, घरमाशीच्या नव्हेत. त्या कचरा झपाट्याने खातात, त्यांना मारू नका. कोंबड्या पाळणारा कुणी ओळखीचा असेल तर त्याला द्या.

गांडुळं घालायची तर उष्ण टप्पा संपल्यावरच. ढीग 30 अंशांच्या खाली आल्यावर आयसेनिया फेटिडा जातीची गांडुळं सोडा. ताज्या, तापणाऱ्या कचऱ्यात सोडली की एक तर मरतात, नाहीतर पेटीबाहेर पळतात.

बायोगॅस, बोकाशी आणि ग्राइंडर

ऊर्जा आणि पोषणद्रव्यं यांची सगळ्यात स्वच्छ फारकत बायोगॅसमध्ये होते. हवेविना कुजताना ऊर्जा मिथेनमध्ये जाते, आणि नत्र, स्फुरद, पालाश जवळपास सगळं स्लरीत राहतं. 100 किलो ओल्या कचऱ्यातून 8 ते 10 घनमीटर गॅस, म्हणजे चार-साडेचार किलो एलपीजीइतकी ऊर्जा. पुण्यातल्या आरती संस्थेची लहान टाकी आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचं निसर्गऋण तंत्र हे दोन्ही नमुने महाराष्ट्रातलेच. अट एकच: गॅस रोज वापरणारं स्वयंपाकघर आणि स्लरी घेणारी बाग किंवा शेत जवळ हवं. लिंबाची सालं, अंड्याची टरफलं, कांद्याची साल यांत घालू नका, आणि एका दिवसात दुप्पट कचरा कोंबू नका. टाकी आंबट पडली की गॅस बंद होतो आणि पुन्हा जम बसायला आठवडे जातात.

बोकाशी बादली वीज न जाळता जवळपास वाळवणी यंत्राचंच काम करते: कचरा आंबवून टिकवते, ऊर्जा आतच ठेवते. दोन आठवड्यांनी तो माल मातीत पुरावाच लागतो. फ्लॅटमधल्या दोघांना ठीक, सोसायटीला नाही.

सिंकखाली कचरा दळून ड्रेनेजमध्ये सोडणाऱ्या ग्राइंडरला शून्य गुण. पुण्यात ड्रेनेजला गेलेली पोषणद्रव्यं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत पोचतात. तिथे त्यांच्यावर शेवाळ आणि जलपर्णी वाढते. नत्र थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून बनलेल्या युरियातून आलेलं, पालाश तर जवळपास सगळं आयात केलेलं. नारायणगावच्या टोमॅटोतून ते शहरात आलं आणि धरणात बुडालं.

कागदपत्रं आणि आधीच घेतलेलं यंत्र

2016 च्या घनकचरा नियमांनी रोज 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवलं आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. यंत्र घ्या असं त्यात कुठेही नव्हतं, कंपोस्ट किंवा बायोगॅस एवढंच म्हटलं होतं. मिळकतकरातल्या सवलतीसाठी पाहणीला येणारे चालू असलेली व्यवस्था बघतात, यंत्राची किंमत नाही. रोजच्या वजनाची वही ठेवा.

तापवणाऱ्या यंत्राची बाजू एकाच परिस्थितीत लागू पडते: आवारात पाय ठेवायला जागा नाही, आणि चुरा नियमित उचलून पुढे कुजवणारा किंवा बायोगॅसला घालणारा कुणी लेखी करारावर मिळालाय. कोरडा माल साठतो, वाहून नेता येतो, सडत नाही. तेवढा फायदा खरा.

यंत्र आधीच घेतलं असेल तर चुरा थेट कुंड्यांत घालू नका. 28 किलो चुऱ्यात 10 किलो वाळलेली पानं, 5 किलो जुनं खत आणि चाळीसेक लिटर पाणी मिसळा. पाणी एकदम न ओतता थोडं-थोडं शिंपडत जा, कारण चुरा आधी तेलकटपणामुळे पाणी झटकतो आणि मग अचानक लगदा होतो. घनमीटरभर ढीग जमला की झाका, तापमान बघा, आठवड्याला पलटा. माल थंड होऊन मुरला की मेथीची कसोटी घेऊन मगच बागेत. उडवायला वीज जाळली ते पाणी परत ओतावं लागतंय हे खरं, पण यंत्राचे सेटिंग बदलून हे थोडं वाचवता येतं. हीटर 50 अंशांवर आणा, वेळ सहा तासांवर आणा, आणि माल निम्मा ओला असतानाच बाहेर काढून पानांत मिसळा. बिल लगेच उतरतं आणि टाकीत करपणंही थांबतं.